काट्यावरचं गळालेलं शून्य

आयुष्यभर मी वगात राजे रंगवले, टाळ्या घेतल्या. पण त्या मंगळवारी घाटनांदूरच्या अंगणवाडीत जे पाहिलं, त्यावर माझ्या साऱ्या टाळ्या ओवाळून टाकाव्यात.

गावातल्या कचरूची लेक माया बीडला डिप्लोमा करून आलेली. गावात पाण्याच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करते. अंगणवाडीचा वजनकाटा बंद पडला, तेव्हा तिने त्यात नखाएवढी चिप बसवली आणि सी भाषेत प्रोग्राम लिहिला. पण त्या इवल्या चिपला दशांश संख्या आकड्यांत मांडता येईना. पडद्यावर नुसतं प्रश्नचिन्ह उमटे. मग मायाने स्वतःच रीत रचली. आधी पूर्ण किलो लिहायचे, मग टिंब, मग उरलेला अंश शंभराने गुणून येईल तो आकडा. काटा चालू झाला.

माझी नात वनमाला तीन आठवड्यांची लेक घेऊन आली. जन्मताना पोर दोन किलो शंभर ग्रॅमची. पडद्यावर आलं २.५.

"तात्याबा, पणती बाळसं धरतीय की!" अंगणवाडीच्या मालनबाई म्हणाल्या. मी तिथंच गिरकी घेतली.

"पर दूध वढत न्हाई हो नीट," वनमाला पुटपुटली.

मायाने पोर हातावर तोलली. "तात्याबा, नाचू नका. ही अडीच किलोची न्हाई. लई हलकी हाय."

"काटा तुझा, अन् तूच त्याला खोटा म्हनतीस व्हय?" मी विचारलं.

तिने अंगणवाडीच्या शिध्यातले साखरेचे किलोचे दोन पुडे काट्यावर ठेवले, वर हाताला लागलेल्या अंदाजानं पन्नास ग्रॅमची हळदीची पुडी. पुन्हा २.५! मायाला चूक उमगली. पन्नास ग्रॅम म्हणजे टिंबानंतर शून्य पाच. शंभराने गुणल्यावर हाती उरतो नुसता पाच. त्याच्या आधीचं शून्य प्रोग्रामने लिहिलंच नव्हतं. पोर दोन किलो पन्नास ग्रॅम भरत होती. वाढली नव्हती, घटली होती.

"चूक माजी हाय," ती सगळ्यांसमोर म्हणाली. रंगमंचावर आम्ही चुकलेलं वाक्य ढोलकीखाली दडपत असू. ही पोरगी दडपेना. तिनेच रिक्षा बोलावली, वनमालाला घेऊन अंबाजोगाईचा दवाखाना गाठला. नऊ दिवसांनी पणती घरी आली, चांगली खणखणीत रडत.

तोवर मायाने प्रोग्राम सुधारला होता: टिंबानंतरचा आकडा दहाच्या आत असेल तर आधी शून्य लिही. मग काटा पाठीला बांधून त्या काट्यावर आधी तोललेल्या, नोंदवहीतल्या अकरा बाळांच्या घरी ती पुन्हा वजनं करायला निघाली. मीही मागोमाग गेलो. एका दारात म्हातारी कडाडली, "तुज्या काट्याचा काय भरवसा?"

"घरची किलोची साखर आना, आजी. आदी ती तोलून बगा," माया म्हणाली, "मंग बाळाला ठिवा."