कवीच्या बायकोचं पुढे काय झालं?

बदलापूरच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दर गुरुवारी साडेचारला व्याख्यान असतं. त्या गुरुवारी एक डॉक्टर मधुमेहावर बोलणार होते, पण बुधवारी दुपारी त्यांचा निरोप आला की त्यांनाच ताप भरलाय. कट्ट्याचे सेक्रेटरी पोस्टातून निवृत्त झालेले, कार्यक्रम रद्द करणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी मला फोन लावला.

"मॅडम, तुम्ही ते रशियन काहीतरी करायचात ना?"

"करायचे. त्याला तीस वर्षं होऊन गेली."

"असू दे हो. चाळीस मिनिटं काढा कशीतरी. नंतर चहा आहेच."

रशियन मी हौसेनं शिकले नव्हते. बी.ए. झाल्यावर मामा म्हणाला, अंबरनाथच्या कारखान्यात रशियन यंत्रं येतायत आणि त्यांची पुस्तकं कोणाला वाचता येत नाहीत, तू शिकून घे, नोकरी पक्की. मामा खरं बोलत होता. दोन वर्षं वर्ग केले आणि लागले कारखान्यात. दिवसभर 'वंगण वेळेवर बदलावे' आणि 'चालू यंत्रात हात घालू नये' असली वाक्यं मराठीत आणायची. मग तो देश फुटला, यंत्रं यायची थांबली आणि साहेबांनी मला स्टोअरमध्ये बसवलं. नट-बोल्ट देत-घेत मी तिथूनच रिटायर झाले.

भाषा मात्र सुटली नाही, ती एका कवीमुळे. वर्गातल्या बाईंनी त्याच्या कविता आमच्याकडून पाठ करून घेतल्या होत्या. माणूस दोनशे वर्षांपूर्वीचा, पण तिकडे शाळेतलं पोरही त्याच्या ओळी घडाघडा म्हणतं. हेंद्रेपाड्याच्या माझ्या घरात कपाटाचा एक खण त्याचाच आहे. कट्ट्यावर मी त्याचं नाव फळ्यावर लिहिलं, पण ते कोणाच्या जिभेवर बसेना. सगळे त्याला नुसतं 'कवी' म्हणू लागले. मीही इथे तेच ठेवते.

गुरुवारी पस्तीसेक माणसं आली होती. निम्मी डॉक्टरांसाठी आलेली, हातात रिपोर्टच्या पिशव्या. मी आधी त्याच्या कवितेतल्या छंदांवर बोलले. दहा मिनिटांत पुढच्या रांगेतल्या तीन माना खाली गेल्या. मग मी सगळं बाजूला ठेवलं आणि एक कविता रशियनमध्येच म्हणून दाखवली. माना वर आल्या.

"समजलं काहीच नाही," उल्हासनगरचे एक सिंधी काका म्हणाले, "लेकिन मॅडम, सुनने में एकदम मंगलाष्टक लगता है."

काकांचं तिकडे उल्हासनगरात, कॅम्प चारमध्ये कापडाचं दुकान होतं. दुकान मुलाकडे देऊन ते बदलापूरला मुलीकडे राहायला आलेत. कट्ट्यावर सगळ्यात जास्त प्रश्न त्यांचेच.

मी कवीच्या आयुष्यावर आले आणि गाडी पळायला लागली. त्याचे पणजोबा आफ्रिकेतले. लहानपणी त्यांना पळवून आणलं आणि बादशहाला नजराणा म्हणून दिलं. पुढे ते शिकून मोठे अधिकारी झाले. कवीच्या चेहऱ्यावर, केसांत ती खूण होती.

"मग लोक चिडवत असतील," मागून एक गृहस्थ म्हणाले.

"चिडवायचे. त्यानं ते लपवलं नाही. उलट अभिमानानं लिहिलं."

"असंच पायजे," ते म्हणाले आणि हाताची घडी घालून बसले.

मग सशाची गोष्ट सांगितली. सरकारविरुद्ध लिहितो म्हणून कवीला खेड्यातच राहायची सक्ती होती. एकदा तो गुपचूप राजधानीला निघाला, तर वाटेत ससा आडवा गेला. अपशकुन म्हणून त्यानं गाडी मागे वळवली. त्याच दिवसांत राजधानीत त्याच्या मित्रांनी बंड केलं, काही फासावर गेले, बाकीचे हद्दपार झाले. तिथे असता तर हाही गेला असता. अशी गोष्ट सांगतात.

"म्हणजे मांजर आडवं गेलं की आम्ही थांबतो ते बरोबरच," सेक्रेटरी खूश होऊन म्हणाले.

आता शेवट. तो मला पाठ होता. कवीची बायको रूपानं फार देखणी. एक फ्रेंच अधिकारी तिच्यामागे लागला. गावभर कुजबुज झाली, कवीच्या घरी निनावी पत्रं आली. दरम्यान त्या अधिकाऱ्यानं तिच्या सख्ख्या बहिणीशीच लग्न केलं.

सिंधी काका खुर्चीतून उठले. "रुको, रुको. म्हणजे तो साडू झाला?"

"हो, साडूच."

"सगा साडू?"

"सख्खा."

एवढा वेळ छंदांवर झोपलेली मंडळी टक्क जागी झाली. लग्नानंतरही कुजबुज थांबेना, मग कवी आणि त्या साडूचं बर्फात पिस्तुलांनी द्वंद्व झालं, कवीच्या पोटात गोळी लागली आणि दोन दिवसांनी सदतिसाव्या वर्षी तो गेला, हे मी सांगितलं तेव्हा तर गलकाच उठला. साडूवर केस झाली का? सासूनं काय केलं? सेक्रेटरींनी माइक घेतला आणि समारोप करून टाकला, "थोडक्यात काय, बायकोपायी गेला बिचारा."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर माझ्या टिपणातही शेवटची ओळ तीच होती.

तेवढ्यात खिडकीजवळच्या मावशी उभ्या राहिल्या. मावशी जुन्या कुळगावातल्या, आगरी घरातल्या. त्या कट्ट्यावर यायच्या, पण बोलायच्या नाहीत. त्यांनी पदर खांद्यावर घेतला.

"मना एक सांग बाय. त्या बायकोचा पुढं काय झाला?"

"म्हणजे?"

"पोरां होती का तिला?"

"चार. सगळी लहान."

"मंग चार पोरां घेऊन ती कुठं गेली? कोनी सांभाळली?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या माणसाला वाचत होते. त्याला कुठल्या ऋतूत लिहायला सुचायचं तेही सांगितलं असतं. पण त्या बाईचं काय झालं हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

"मावशी, पुढच्या गुरुवारी सांगते."

"नक्की सांग. मी येन."

घरी येऊन मी त्याचं जाडजूड चरित्र काढलं. त्याच्या मरणाशी पुस्तकही संपत होतं. मग पुतण्यानं टाकून दिलेला लॅपटॉप चालू केला आणि तीन दुपारी रशियन मजकूर शोधत बसले. शब्दकोश लागलाच. 'वंगण' मला अजून पाठ होतं, 'सुतक' आठवेना.

मंगळवारी बाजारात मावशी भेटल्या. मेथीची जुडी उलटीपालटी करत होत्या. मी म्हटलं, "मावशी, सापडतंय हळूहळू. पण तुम्हाला तेवढंच का विचारावंसं वाटलं?"

त्यांनी जुडी ठेवली नाही की माझ्याकडे पाहिलं नाही. "माझा मालक पुरात गेला. दोस्तांनी पैज लावली, पुलावरनं उडी मारून दाखव. यानं मारली. मी तवा अंबरनाथला कंपनीत पॅकिंगला जायची. गाव काय बोलला? बायको कमवायला लागली, म्हनून त्याचा डोका फिरला. पैज लावनाऱ्यांना कोनी काय बोलला नाय."

"किती वर्षं बोलत होते?"

"सासू होती तवर." मग भाजीवाल्याला म्हणाल्या, "ही किडकी हाय, दुसरी दे."

पुढच्या गुरुवारी ताप उतरलेले डॉक्टर हजर होते. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, मधुमेहाच्या आधी दहा मिनिटं तुमची." मावशी पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

मी कागद न बघता सांगितलं. मरताना कवीनं बायकोला सांगितलं, तुझा यात दोष नाही. गावी जा, दोन वर्षं माझं सुतक पाळ, मग लग्न कर, पण माणूस चांगला बघ. शेवटी त्याला एक रानफळ खावंसं वाटलं, ते तिनं चमच्यानं त्याला भरवलं. मग ती चार मुलांना घेऊन माहेरच्या गावी गेली. दोन वर्षांनी राजधानीला परतली. तो गेल्यावर सात वर्षांनी तिनं एका सैन्यातल्या अधिकाऱ्याशी लग्न केलं. त्याच्यापासून तीन मुली झाल्या. कवी शुक्रवारी गेला होता, म्हणून दुसरं लग्न झाल्यावरही ती शुक्रवारचा उपास धरायची असं सांगतात. कवीची पत्रं तिनं जन्मभर जपून ठेवली.

"दुसऱ्यानं पहिल्याची पोरां बघली?" मावशींनी विचारलं.

"बघितली. आपली मानून."

"मंग झाला." आणि मावशींनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

सिंधी काका म्हणाले, "शादी की ना? बहुत अच्छा किया."

सेक्रेटरी माइक घेऊन उभे होते. ते म्हणाले, "मागच्या गुरुवारी मी एक वाक्य घाईनं बोललो. ते मागे घेतो." पोस्टातल्या माणसानं चुकीचा शिक्का पुसावा तसं त्यांनी ते केलं. मी म्हटलं, "ते माझंही होतं." आणि मग डॉक्टरांनी भाताबद्दल जे काही सांगितलं त्यानं सगळ्यांचे चेहरे पडले.

तेव्हापासून माझं काम वाढलंय. कवीनं बायकोला लिहिलेली पत्रं मी मराठीत करायला घेतलीत. सोमवारी दुपारी मावशी येतात. मी चहा टाकते, त्या चटईवर पाय पसरून बसतात आणि मी एक पत्र वाचते. थोर कवी वगैरे त्यात कमीच भेटतो. पोरीला दात आले का, पैसे पुरतात का, तू मैफलींत फार हसू नकोस, तब्येत जप, असलंच सगळं.

परवा एक लांबलचक पत्र ऐकून मावशी म्हणाल्या, "हा सांगतो लय. ती काय बोलायची?"

"तिची पत्रं मिळालीच नाहीत, मावशी. एक-दोन ओळी सोडल्या तर काही नाही."

"म्हंजी आपन अर्धाच भांडन ऐकतोय," मावशी म्हणाल्या, आणि पुढचं पत्र वाच अशी हातानं खूण केली.