जांभळं टोपडं

ब्राह्मणपाऱ्यातल्या दुकानात कोऱ्या जांभळ्या कापडाचा वास आला की मला चौबे कॉलनीतली शेजारीण आठवते. ती नागपूरची कॅथलिक, तेव्हा आठवा महिना लागलेला. नाताळाआधीचे चार आठवडे येशूच्या फोटोखालच्या मेजावर जांभळं कापड घालतात, म्हणून मी तिला ते शिवून दिलं आणि उरलेल्या तुकड्याचं बाळासाठी टोपडं केलं. बाळ जानेवारीत झालं आणि तिसऱ्या दिवशी गेलं. मार्चमध्ये तिच्याकडे गेले तर मेजावर तेच कापड. जरा सावरली असेल असं वाटून मी विचारलं, "नाताळ तर झाला, मग हे काहून घातलं?" ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रंग तोच असते, ताई. तेव्हा येणाऱ्याची वाट पाहून राहिलो होतो. आता ईस्टरआधीचे चाळीस दिवस त्याच्याच मरणाची तयारी. शेवटी शेवटी क्रूसही जांभळ्यानं झाकतो आम्ही." मी भिंतीकडे पाहिलं. तिथल्या वीतभर क्रूसावर माझं टोपडं होतं. ईस्टरला हे सगळं काढायचं असतं. मेजावरचं कापड तिनं काढलंही. गेल्या वर्षी तिला भेटायला गेले, तेव्हा टोपडं तिथंच होतं.