वीसपर्यंत

कट्टा गावच्या बाजारात तिचा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. माझ्या लेकीच्या वयाची असेल. नव्या पेशंटशी शुद्ध मराठीत बोलते, ओरडायचं झालं की मात्र मालवणीत. माझं डोकं मानेमुळे दुखतं, हे तिनेच शोधलं. उंच उशी काढायला लावली, मानेचे व्यायाम शिकवले, डोक्यावरून ओझं न्यायचं नाही म्हणून दम भरला. शेवटी मानेवर दोन बोटं दाबून ती सावकाश वीसपर्यंत मोजते.

दुखणं दोन महिन्यांत गेलं. मी जातच राहिले. आमचे हे वारले, लेक गोव्यात नोकरीला. अंगावरून हात फिरवणारं घरात कोणी नाही.

परवा मी खुर्चीत बसले, तर ती माझ्या डोक्याकडेच बघत राहिली. आंब्यांची टोपली मी दाराबाहेर उतरवली होती, पण तिच्याखालची कापडाची चुंबळ डोक्यावरच राहिली होती.

"काकी, डोक्या अजून दुखता?"

"दुखता गो," मी खाली बघून म्हटलं.

वाटलं, आता ओरडणार. तिने चुंबळ उचलून टेबलावर ठेवली, माझे विस्कटलेले केस सारखे केले आणि मानेवर बोटं टेकवून मोजू लागली. वीस झाले, तरी ती मोजतच होती.