वाऱ्याला शिवलेली उशी

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, फिजिक्स आवडतं... कुणी भुताचं सांगायला लागलं की मी मनातल्या मनात खोट शोधायची. म्हणूनच हे तोंडानं सांगणं जमत नाही, लिहितेय.

गेल्या वर्षी, १९६४च्या मार्चमध्ये, आम्ही कतारच्या किनाऱ्यापासून दूर एका बेटावर राहत होतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यानं वाळूवर लोखंडी पत्रे अंथरून तिथे धावपट्टी केली होती. आता आठवड्यातून एक छोटं विमान यायचं. आम्ही रत्नागिरीकडचे, अब्बा त्या पट्टीवर क्लार्क. अम्मी बाळंतपणाला दोह्याला गेली होती. चाळीस दिवस सरले, आणि त्या गुरुवारच्या विमानानं ती बाळाला घेऊन येणार होती. अब्बांनी मुलाचं तोंडही पाहिलं नव्हतं.

वाऱ्याची दिशा दाखवणारा काठीवरचा कापडी नळा, विंडसॉक, उन्हानं विरला होता. दोह्याच्या सूक वाकिफ बाजारातल्या नारिंगी कापडाचा नवा मी शिवला — आणि वारा बाहेर पडायचं मागचं तोंडही शिवून टाकलं. शाळेत उशीच्या खोळीच तेवढ्या शिकवल्या होत्या.

"गो, वाऱ्याला उशी शिवलीस काय?" अब्बा हसत सुटले. पण विमानाचा आवाज येत होता, तसाच चढवला.

वारा टेकडीकडून होता. माझी ओढणी समुद्राकडे उडत होती. विमान वाऱ्याला सामोरं उतरतं, म्हणजे ते समुद्राकडून यायला हवं. आणि विंडसॉक... तो टेकडीकडे ताठ! अब्बांनी दोरी ओढली, काठी हलवली. ढिम्म. पायलटनं तो पाहिला आणि उलट्या बाजूनं, टेकडीकडून, उतरायला लागला. पाठीवर वारा घेतलेलं विमान लवकर थांबत नाही. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा ते अर्ध्या पट्टीतच उभं होतं. पायलट म्हणाला, वारा अगदी समोरून होता. माझी ओढणी अजून समुद्राकडेच उडत होती.

अब्बा बाळाला छातीशी धरून, दर गुरुवारसारखे, पट्टी तपासत समुद्राकडच्या टोकाला गेले. तिथे एक पत्रा गुडघाभर उचकटला होता. सकाळी तो सपाट होता. विमान समुद्राकडून आलं असतं तर चाकं नेमकी त्यावर टेकली असती.

बाळाच्या कानात अजान दोह्यातच मामूंनी दिली होती. अब्बांनी पुन्हा दिली, तिथेच, त्या पत्र्यापाशी.

संध्याकाळी मी सांदणं वाफवली, अख्ख्या बेटाला पुरतील एवढी. अब्बांनी विंडसॉक उतरवून त्यात कापूस भरला.

स्पष्टीकरण अजून सापडलेलं नाही. भाऊ मात्र त्या उशीशिवाय झोपत नाही.