गल्लीने सांभाळलेली नर्सरी

ये गं, जवळ बस. चिठ्ठी आहे, तर कागदावरच बस, पण बस, कारण फोनवर तू बसत नाहीस. "आत्या, मी नाही जात, विषय संपला," एवढं बोललीस आणि वर म्हणालीस, "ठेवते, कुकर लावलाय." कुकर कुणाच्या घरी लागत नाही? परदेशातल्या झाडांच्या नर्सरीत काम करत शिकायची जागा तुला मिळाली. ती मिळावी म्हणून दोन वर्षं डोळे फोडून अभ्यास केलास. आणि आता आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे करून तू त्यांना नाही कळवायला निघालीस. आईला विचारलंस? नाही. मला विचारलंस? तेही नाही. अंबरनाथला तिसऱ्या मजल्यावर बसून एकटीने ठरवून मोकळी झालीस. मोठी झालीस, कबूल आहे, पण एवढी पण मोठी झालेली नाहीस.

रागावले नाही मी. रागावले असते तर सरळ वहिनीलाच, तुझ्या आईलाच, फोन लावला असता. तिला मी अजून काही बोललेले नाही.

तुझं म्हणणं काय, तर आत्याची गोष्ट वेगळी, आत्या धीराची. कसली धीराची? हॉलंडला मी गेले ती कशी गेले आणि तिथे टिकले ती कशी टिकले, हे तुला कुणी धड सांगितलेलंच नाही. तू तेव्हा शाळेत होतीस. तुझ्या लक्षात राहिली ती फक्त चॉकलेटं.

तर ऐक. माझं शिक्षण सातवी. लग्न होऊन उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये आले आणि सासूबाईंच्या शेजारी बसून जीन्सचे धागे कापायला लागले. कारखान्यातून गठ्ठे घरी यायचे, शिवणीवर लोंबणारे धागे कटरने उडवायचे आणि पँट बाजूला टाकायची. आमच्या गल्लीत सगळ्याच बायका हे करायच्या, दारात बसून, एकमेकींच्या सासवांची उणीदुणी काढत. झाडांचं वेड मला नंतर लागलं. कुणी शिकवलं नाही. फांदी लावायची, मेली तर का मेली ते बघायचं, परत लावायची. मग बदलापूरच्या पुढे, वांगणीच्या रस्त्याला, वाडीवरच्या एका कुटुंबाकडून तुकडाभर जागा भाड्याने घेतली. मोगरा, जास्वंद, कुंदा, सोनचाफा. जागा आपली नाही म्हणून जमिनीत काही लावलं नाही, सगळं कुंड्यांत, पिशव्यांत आणि रंगाच्या जुन्या डब्यांत.

सासूबाईंना ती नर्सरी कधी आवडली नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आम्ही जन्म घातला मातीतून वर यायला, आणि ही भाडं भरून मातीत जाऊन बसते."

नर्सरी चालवणाऱ्या बायकांसाठी कुठल्याशा संस्थेची योजना आहे, तिकडच्या नर्सरीत तीन महिने राबायचं आणि शिकायचं, असं माझ्या एका गिऱ्हाइकाने मला सांगितलं. तिनेच माझं नाव दिलं. मी पन्नाशी ओलांडलेली. विमान बघितलेलं, ते पण गच्चीवरून. माझी निवड झाली तेव्हा मी चार दिवस घरात बोललेच नाही. शेवटी जेवताना बोलले. तुझे काका भाकरी मोडायचे थांबले. सासूबाईंनी विचारलं, "परत येणार ना?"

म्हटलं, "येणार."

"मग जा. झाडांना पाणी घालायला काय कॉलेज लागतं? मी घालीन."

ज्या बाईने कधी माझ्या नर्सरीत पाय ठेवला नव्हता, ती हे बोलत होती.

अंबरनाथची शिवरात्रीची जत्रा उठली आणि मी निघाले.

पहिली नर्सरी म्हणजे काचेचा नुसता गाव. एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसायचं नाही. आत सगळी शेवंती. मला काम दिलं ते असं, की शेंड्याची एक कळी ठेवायची आणि बाजूच्या सगळ्या कळ्या खुडायच्या. म्हणजे तेवढं एकच फूल चांगलं मोठं होतं. माझ्याबरोबर लागलेल्या तरण्या पोरी बघूनबघून खुडत होत्या. माझा हात सुरू झाला तो थांबेचना. तिथली मुकादम बाई मागे येऊन उभी राहिली. तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, त्यामुळे आमचं छान जमायचं. तिने विचारलं, "कुठे शिकलीस हे?"

मी सांगितलं, "जीन्सवर."

तिने माझ्या पायांकडे बघितलं. मी साडी नेसून वर त्यांचा डगला घातला होता. तिला काही पत्ता लागेना. मग मी तिच्याच पँटचा एक सुटलेला धागा नखाने तोडून दाखवला. अशी हसली ती, की पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. त्या दिवसापासून डब्याच्या वेळेला ती माझ्या बाजूला बसायची. तिच्या डब्यात ब्रेड. दुसऱ्या दिवशी परत ब्रेड. मी तिला शेंगदाण्याची चटणी दिली, ती तिने ब्रेडला फासून खाल्ली, डोळ्यातून पाणी आलं तरी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडायच्या आधी हात पुढे केला. तिचे फार उपकार आहेत माझ्यावर. चूक झाली तर ओरडायची नाही, हातात हात घेऊन परत करून दाखवायची.

पाणी घालायला मला तिनेच शिकवलं. हसू नकोस. पाणी घालायला मला येत नव्हतं. आपल्याकडे कसं, सकाळ झाली की घाल पाणी. माती ओली आहे की सुकी, ते कोण बघतंय? माया लावायची म्हणजे पाणी घालायचं. ती म्हणाली, आधी कुंडी उचल. हलकी लागली तर घाल. जड लागली तर हात मागे घे आणि पुढे चल. महिनाभर मी नुसत्या कुंड्या उचलल्या म्हण.

मग मला दुसऱ्या नर्सरीत पाठवलं. ती लहान होती, उघड्यावरची, एका म्हाताऱ्या बाईची. तिथे मी जरा रुळले आणि तिथेच माझं चित्त उडालं. झालं असं, की सासूबाई रोज दुपारी व्हिडिओ कॉल करायच्या, पण कायम घराच्या आतून. नर्सरी दाखवा म्हटलं की, "तिथे नेट येत नाही." उद्या दाखवा म्हटलं की, "उद्या जयंतीची मीटिंग आहे विहारात." जयंती होऊन गेली, मग "ऊन फार आहे, मोबाईल तापतो." मला कळायला लागलं होतं. एप्रिल संपत आलेला. आपल्याकडचा एप्रिल मला माहीत नाही का? जी झाडं गेली तर परत नाहीत, ज्यांच्या फांद्यांवरून मी पुढची सगळी रोपं करते, ती जुनी झाडं तिथे उन्हात होती. आठ-दहा वर्षांची माझी मेहनत.

मी त्या म्हाताऱ्या मालकिणीला सांगितलं, मला घरी जायचंय. तिने का विचारलं. माझं काही नीट सांगून होईना, रडायलाच आलं. ती म्हणाली, "आधी फोन कर. मग तिकीट."

मी तुझ्या काकांना लावला. ते खोटं बोलायला लागले की आधी खोकतात. खोकले. पण खोटं जमलं नाही, म्हणाले, "बोअरचं पाणी गेलं. महिना झाला."

"आणि झाडं?"

"झाडं आणली घरी. आईने आणली."

तेवढ्यात सासूबाईंनी त्यांच्या हातातून फोन ओढला. "आता रडून झालं असेल तर ऐक. वाडीवरची बाई आली सांगायला, 'सासूबाय, बोअर आटली, झाडां जाताव.' मी गेले, बघितलं. टँकर मागवला, तो आला नाही. मग भाभीला सांगितलं."

भाभी म्हणजे शेजारची सिंधी भाभी, तुला माहीतच आहे, आमच्या भिंतीला भिंत. तिच्या घरचा जीन्सच्या गठ्ठ्यांचा टेम्पो आहे. तिने नवऱ्याला विचारलं पण नाही, ड्रायव्हरला परस्पर बदलापूरला पाठवला. चार फेऱ्यांत सगळी नर्सरी कॅम्प तीनमध्ये.

मी म्हटलं, "आई, एवढी झाडं घरात ठेवली कुठे?"

"घरात कशाला? तू बघ." आणि त्यांनी दारात येऊन फोन उलटा करून गल्लीत धरला.

दारादारात माझी झाडं होती. आमच्या दारात जास्वंद, भाभीच्या पायरीवर सगळे सोनचाफे, पुढच्या घरच्या मोरीबाहेर मोगऱ्याचे डबे, त्याच्यापुढे कुंदा, पार नळापर्यंत. बायका धागे कापायला बसलेल्या, मांडीवर जीन्स आणि बाजूला माझी झाडं. सासूबाई एकेका दाराशी थांबून सांगत होत्या, ही इतकी घेऊन बसली, हिने नको नको म्हणत घेतली, हिने तांदळाचं पाणी पाजून पाजून मोगऱ्याला कळ्या आणल्या. आणि प्रत्येक बाई फोनमध्ये तोंड घालून मला काहीतरी बोलत होती. एक म्हणाली, "वहिनी, हे झाड माझं ऐकत नाही." दुसरी म्हणाली, "ऐकेल कसं, तिच्या पोरांनी कधी ऐकलं?"

मी म्हटलं, "मी येते. मला तिकीट काढू दे."

सासूबाई म्हणाल्या, "ये. पण मी दार उघडणार नाही. अर्धवट शिकून आलेलीला इथे कोण विचारतंय? आम्ही इथे उन्हात राबतो ते काय तू मधेच पळून यावं म्हणून?"

मालकीण बाजूला उभी राहून सगळं बघत होती. तिला भाषा कळली नाही, पण गल्ली कळली. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि सासूबाईंना हात जोडले, आपल्यासारखे, जरा वाकडे. सासूबाई म्हणाल्या, "ही कोण?" म्हटलं, "मालकीण." त्या म्हणाल्या, "हिला सांग, सूनबाईला काम दे भरपूर. रिकामी बसली की रडते."

मी राहिले. मग रोज दुपारी माझा क्लास भरायचा, गल्लीचा. मी तिकडून शिकवायचे, कुंडी उचला, हलकी असेल तरच पाणी. बायकांनी असं मनावर घेतलं, की येताजाता जी ती कुंड्या उचलून बघायला लागली. भाभी फोनवर ओरडून सांगायची, "भारी है, भारी है, आज नहीं पिलाया." रस्त्याने जाणाऱ्या एकाने विचारलं म्हणे, इथे वजन करून झाडं विकता का.

मे संपता संपता मी परत आले. सगळी झाडं जगली असं नाही, खोटं कशाला बोलू. काही गेली. एका बाईने वाळलेला मोगरा तसाच ठेवला होता, मला म्हणाली, "मेला असं मला वाटत नाही, तू बघ एकदा." मी बघितलं, मेला होता. पण जुनी झाडं बहुतेक वाचली आणि त्यांच्यावरच आजची माझी नर्सरी उभी आहे. पाऊसपाण्यानंतर बोअर भरली तेव्हा झाडं परत बदलापूरला नेली. दोघी-तिघींनी दिली नाहीत. एक म्हणाली, "आता हा मोगरा माझ्या घरचा झाला." मी मागितली पण नाहीत.

सासूबाईंना थँक्यू म्हणायची आपल्याकडे रीत नाही. मी तिकडून त्यांच्यासाठी एक चांगली छोटी कात्री आणली होती, कळ्या खुडायची. त्यांनी ती धाग्यावर चालवून बघितली आणि म्हणाल्या, "आपल्या कॅम्पातल्या कटरला धार जास्त आहे." मग ती उशाला ठेवली. आता त्या नाहीत. त्या गेल्या तेव्हा गल्लीतली एकही बाई घरी थांबली नव्हती.

आता तुझं. मी निघाले तेव्हा मला पण वाटत होतं, मी गेले की इकडे सगळं बसेल. बसलं पण. बोअर आटलीच की. पण सासूबाईंनी शेजारी तोंड उघडून सांगितलं, म्हणून झाडं वाचली. त्यांच्याइतकी मानी बाई मी बघितली नाही, कुणाकडे कधी चमचाभर साखर मागितली नव्हती. तुझा बाप, माझा भाऊ, गेल्यापासून तू कुणाकडे काही मागत नाहीस, ते मला दिसतं. बरं वाटत नाही मला ते.

वहिनी माझ्याकडे राहील. तुझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तिथे तिचा गुडघा बरा व्हायचा तो लांबेल. माझं तळमजल्याला आहे, उंबरा सोडला तर पायरी नाही. व्यायाम करून घेणारी मुलगी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात येते, तिला मी विचारून आले. भाभीला विचारलं, ती म्हणाली, "भेज दो, मेरा भी टाइम पास होगा." तुझे काका पलंग उंच करून घेतायत सुताराकडून, कालपासून मापं चाललीत. वहिनीला माझ्या हातचं तिखट लागतं, तेवढं मी कमी करीन. ती नाही म्हणाली तर गोष्ट वेगळी. पण ते तिने म्हणायचं, तू नाही.

त्या लोकांना अजून काही कळवू नकोस. या रविवारी ये, वहिनीला घेऊन. शेअर रिक्षाने येऊ नका, तिचा पाय दुमडेल, दाराशी येणारी पूर्ण रिक्षा करा. सकाळी लवकर निघालात तर ऊन लागणार नाही आणि जेवायच्या आधी निवांत बोलता येईल, तिघींना. त्यांना उत्तर द्यायला दिवस फार राहिलेले नाहीत गं, म्हणून म्हणते, पुढच्या रविवारवर ढकलू नकोस. ये.