एकाच मापाचे गोळे

आमचे बाबा शाळांसाठी प्लॅस्टरची मॉडेलं बनवायचे. कान, डोळा, हृदय, जे मागाल ते. बाबा साच्यातून काढायचे आणि काका, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, रंगवायचा. कारखाना दोघांचा, पण आवाज एकट्या बाबांचा. निळा कुठला लावायचा हेसुद्धा तेच ठरवायचे, आणि रंगातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

शेवटी काका म्हणाला, "दादा, तुझ्या हाताखाली केस पिकले माझे. वाटणी कर. मला लाकडी खेळणी रंगवायचीत, माझ्या मनानं."

बाबांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. एकाच खोलीत दोघं पाठीला पाठ लावून बसायचे आणि निरोपांची ने-आण माझ्याकडे. मला दोघांचाही राग यायचा. पण बाबांचं ते न बोलणं रागानं नव्हतं, धास्तीनं होतं. भाऊ गेला की आपलं काय, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

त्यातच बेडकाच्या अंड्याचं काम आलं. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ, असे गोळे करायचे होते. बाबांनी पहिला लिंबाएवढा केला आणि शेवटचा कलिंगडाएवढा. विज्ञानाच्या बाई ते सगळे पिशवीत घालून परत घेऊन आल्या.

"हे वाढत कसे गेले?"

"पिल्लू व्हायचंय ना त्याचं? मग वाढणारच."

"अहो, खाल्लंय काय त्यानं अजून? सुरुवातीला अंडं वाढत नाही. आहे तेवढ्याचेच वाटे होतात. तेही एकाच आवरणात, एकमेकांना चिकटून."

"आणि नाही झाले वाटे तर?"

"तर नासतं ते. बेडूक होत नाही."

बाबा वादात कुणाला हार जाणारे नव्हेत. त्या दिवशी मात्र बाई गेल्यावरही ते पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. मग एकाच साच्यातून सगळे गोळे काढले आणि ओल्या प्लॅस्टरवर दोऱ्यानं खाचा पाडल्या.

दुसऱ्या दिवशी काका पार्टिशनचं माप घ्यायला सुताराला घेऊन आला. आता भांडण पेटणार म्हणून मी दारातच थांबले. बाबांनी उठून टेपचं दुसरं टोक धरलं.

"मधोमध घाल पार्टिशन," ते सुताराला म्हणाले. "बाहेरचं दार मात्र एकच ठेव."

"मग ही वाटणी कसली?" काकानं विचारलं. कित्येक दिवसांनी तो थेट त्यांच्याशी बोलत होता.

बाबांनी एकच खाच असलेला गोळा त्याच्या हातात दिला. "अशी. रंग तुझ्या मनानं दे."

काकानं गोळा उजेडात फिरवून पाहिला. "दादा, खाच वाकडी आलीय."

"येणारच," बाबा म्हणाले. "पाडायचं मन होत नव्हतं माझं."

स्टूल ओढून काका नेहमीच्या जागी बसला आणि सुताराला म्हणाला, "तुम्ही उद्या या."