पंपावरचं कुंकू

मासळी मनोरच्या बाजाराला न्यायला आम्ही नवा टेम्पो घेतला, तेव्हा विकणाऱ्याने बजावलं होतं, वर्षभर कंपनीच्या माणसाशिवाय कुणी इंजिन उघडलं तर गॅरंटी संपली. आमचा जुना खटारा मनोरच्या मिस्त्रीनेच कितीतरी वर्षं चालता ठेवला होता. आता त्याच्या दारावरून नुसतं पुढे जायचं, हे मला पटलं नव्हतं.

एकदा मासवणच्या पुढे टेम्पो बंद पडला. मागे पापलेटच्या टोपल्या. बैल जोडून तो मिस्त्रीच्या दारात ओढत नेला.

"डिझेलचा पंप हाय," मिस्त्री म्हणाला. "उघडतो, पन तुमची गॅरंटी जाईल."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मासळी विकायची मी, म्हणून ठरवायचंही मीच.

"उघडा," मी म्हटलं. "मासली काय गॅरंटीवर टिकते?"

गाडी चालू झाली. आमच्यात होडीचं मशीन दुरुस्त झालं की त्याला कुंकू लावतात. सवयीने माझा हात गेला. पंपाला बोट टेकवलं नि बाजारात गेले.

पुढे तोच पंप मनोरात पुरता गेला. या वेळी मिस्त्रीने हात लावला नाही. मुंबईला कळवलं, कंपनीचा माणूस मिस्त्रीच्या दारातच आला. त्याने वरचा पत्रा काढला. पंपावर तेलात माखलेलं कुंकू.

"हे कुणी उघडलं?"

नवा पंप घ्यायची आमची ऐपत नव्हती.

"मी," मिस्त्री बोलला. "ही दोघं गाडी माझ्या दारात लावून बाजारात गेलेली. मला नवीन मशीन बघायची हौस. यांना ठाव नाय."

"आणि कुंकू?"

"मीच लावलं. चोरी केली तरी देवाला सांगून करतो."

मिस्त्रीची गिऱ्हाइकं हसली. कंपनीचा माणूस हसला नाही. सगळ्यांदेखत तो मिस्त्रीला नाही नाही ते बोलला. आम्ही दोघं खाली बघत उभे. मालकांचा दोष नाही म्हणून पंप फुकट बदलून मिळाला.

त्यानंतर मिस्त्रीकडे गाडी सोडून कुणी चहाला जाईना. काम संपेपर्यंत डोक्यावर उभे राहायचे. मी सुके बोंबील पाठवले. त्याने ते मुकाट ठेवून घेतले. परत पाठवले असते तर बरं वाटलं असतं.

वर्ष सरलं, गॅरंटी सरली. लगेच टेम्पो त्याच्याकडे नेला. काम झाल्यावर हात पुसत तो म्हणाला, "वहिनी, कुंकू आणलंय ना?"

डबी कनवटीला होती. पण चार गिऱ्हाइकं आमच्याकडेच बघत होती.

"नाय," मी म्हटलं.